अंगठ्याचं हाड ‘वाढतं’ तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चेहऱ्यावर एवढीशी पुटकुळी उठली तरी आपण दहा वेळा आरशासमोर जाऊन येतो. दाढ ठणकली तर रात्रीची झोप उडते. पावलांचं मात्र एवढं कौतुक होत नाही. दुखली तर तेल चोळायचं, फारच दुखली तर गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसायचं आणि सकाळी पुन्हा त्याच चपला घालून कामाला लागायचं, ही आपली रीत. अस्थिशल्यविशारद म्हणून माझ्याकडे पावलांच्या तक्रारी घेऊन येणारी मंडळी पुष्कळदा दहा-पंधरा वर्षं दुखणं अंगावर काढून आलेली असतात. त्यांत बायकांची संख्या जास्त.

आज मी मुख्यतः एका तक्रारीबद्दल बोलणार आहे. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा दिसू लागतो आणि अंगठा हळूहळू शेजारच्या बोटांकडे कलतो. तुमची आई, आजी, आत्या यांच्यापैकी कुणाच्या तरी पायाला तो तुम्ही पाहिला असेल. इंग्रजीत त्याला ‘बनियन’ म्हणतात. हा शब्द उच्चारला की दवाखान्यात हमखास हसू पिकतं, कारण आपला बनियन अंगात घालायचा असतो! मराठीत या दुखण्याला रुळलेलं नाव नाही. ‘अंगठ्याचं हाड वाढलंय’ असं लोक म्हणतात आणि गैरसमजाची सुरुवात तिथूनच होते.

हाड मुळात वाढलेलं नसतं, ते सरकलेलं असतं. आपल्या एका पावलात २६ हाडं असतात. चवड्यात पाच लांब हाडं शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्या टोकांना बोटं जोडलेली असतात. यांतलं अंगठ्यामागचं हाड दुसऱ्या पायाच्या दिशेला सरकू लागतं, आणि अंगठा मात्र उलट दिशेला, बोटांकडे वळतो. त्यामुळे सांध्याचा कोपरा बाहेर येतो. आपल्याला उंचवटा दिसतो तो हाच कोपरा. त्यावर चपलेचा पट्टा किंवा बूट घासला की कातडीखाली पाण्याची पिशवी धरते, लाली येते, ठणका लागतो.

एकदा अंगठा कलला की तो कलतच जाण्याकडे ओढ असते. याचं कारण स्नायूंच्या दोऱ्या. अंगठा वर-खाली हलवणाऱ्या या दोऱ्या सरळ रेषेत असतात तोवर आपलं काम चोख करतात. अंगठा वळला की त्या धनुष्याच्या दोरीसारख्या एका बाजूला ताणल्या जातात आणि अंगठ्याला आणखी वाकडं ओढतात. पुढे चालताना अंगठ्यानं घ्यायचा भार दुसऱ्या बोटाखाली पडतो. तिथे घट्टा पडतो. दुसऱ्या बोटाला जागा उरत नाही, मग ते हातोडीसारखं वाकतं किंवा अंगठ्यावर चढून बसतं. आपल्याकडे त्या बोटात जोडवी असतात. ती रुतू लागतात, बोट सुजलं तर निघता निघत नाहीत. अशा वेळी साबण लावून ओढाताण करत बसण्यापेक्षा जोडवी कापून काढावीत. त्यात अशुभ काही नाही.

हे होतं कशामुळे? पहिलं कारण आनुवंशिकतेचं. आजी, आई, लेक अशा तीन पिढ्यांची पावलं शेजारी ठेवली तर ओळख पटावी इतकी ती सारखी असतात. ज्यांचे सांधे जात्याच सैल असतात त्यांना हा त्रास लवकर होतो. आमवातातही, म्हणजे ज्याला ऱ्हुमॅटॉइड म्हणतात त्या संधिवातात, चवड्याचे सांधे खिळखिळे होऊन बोटं वळतात. पण घराण्यातून आलेल्या या कलाला खतपाणी घालतं ते पादत्राण.

याचा एक जुना पुरावा फार बोलका आहे. १९५८ साली हाँगकाँगमध्ये दोन डॉक्टरांनी पादत्राणं वापरणाऱ्या आणि अनवाणी राहणाऱ्या चिनी लोकांची पावलं तपासली. पादत्राणं वापरणाऱ्यांत ३३ टक्के लोकांचा अंगठा कललेला होता. अनवाणी लोकांत हे प्रमाण १.९ टक्के निघालं. दुसरा पुरावा त्याहून जुन्या हाडांचा, पण अलीकडे पुढे आलेला. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या परिसरात पुरलेल्या मध्ययुगीन सांगाड्यांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या सांगाड्यांत कललेला अंगठा ६ टक्के लोकांत होता. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या सांगाड्यांत तो २७ टक्क्यांवर गेला. मधल्या काळात तिथे लांब टोकदार बुटांची फॅशन आली होती. विशेष म्हणजे, उतारवयातल्या ज्या सांगाड्यांचा अंगठा कललेला होता, त्यांच्यात पडून हाड मोडल्याच्या खुणाही जास्त सापडल्या. अंगठा जमिनीला नीट टेकला नाही की तोल जातो. म्हणून घरातल्या ज्येष्ठांच्या वाकड्या अंगठ्याकडे ‘वयाप्रमाणे व्हायचंच’ म्हणून दुर्लक्ष करू नये.

तेव्हा पाऊल पादत्राणाच्या आकाराचं होऊ द्यायचं, की पादत्राण पावलाच्या आकाराचं घ्यायचं, हा प्रश्न आहे. तो सोडवायला एक सोपी चाचणी घरी करता येते. जमिनीवर कोरा कागद ठेवा, त्यावर पूर्ण भार देऊन उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिलीनं पावलाची बाह्यरेषा काढायला सांगा. मग रोजचा बूट किंवा सँडल त्या आकृतीवर ठेवा. पावलाची रेषा पादत्राणाच्या बाहेर डोकावत असेल, तर तुमचं पाऊल दिवसाचे आठ-दहा तास मुठीत आवळल्यासारखं राहतं असं समजा. दवाखान्यात मी ही चाचणी करून दाखवतो, तेव्हा दहा मिनिटं समजावून जे पटत नाही ते एका कागदात पटतं.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे. दुकानात आपण पायाची लांबी सांगतो, रुंदी कुणी विचारत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजली. भारतीयांची पावलं युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा सरासरीनं रुंद असल्याचं त्यातून दिसलं आणि त्यावरून ‘भा’ नावाची स्वतंत्र भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली. बाहेरच्या साच्यावर बेतलेला बूट आपल्याला बाजूंनी आवळतो, म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो. तो लांबीला सैल पडतो, पाऊल पुढे घसरतं आणि बोटं टोकाशी जाऊन चेपतात. उंच टाचेच्या सँडलमध्ये तर ही घसरण पावलोपावली होते.

खरेदी करताना चार गोष्टी ध्यानात ठेवा. पादत्राण संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पावलं थोडी सुजतात. दोन्ही पाय घालून, उभं राहून, दुकानात चालून बघा. जो पाय मोठा असेल त्याच्या मापानं घ्या. सर्वांत लांब बोटापुढे साधारण बोटाच्या रुंदीएवढी मोकळी जागा हवी आणि आत बोटं पसरता आली पाहिजेत. टाच बेताची असावी. उंचवट्यावर शिवण, बक्कल किंवा कडक पट्टा येता कामा नये. कोल्हापुरी चप्पल चवड्याला मोकळी असते ही चांगली गोष्ट, पण तिचा अंगठा, म्हणजे अंगठ्यात अडकणारा पट्टा, दुखऱ्या जागी घासत असेल तर ती चप्पल तुमच्यासाठी नाही. ‘आज लागतो, पण घालून घालून सैल होईल’ या दुकानदाराच्या आश्वासनावर जाऊ नका. बूट सैल होण्याआधी पाऊल वाकतं.

नोकरीच्या गणवेशात काळा बंद बूट सक्तीचा असणाऱ्या परिचारिका, पोलीस, हॉटेलांतले कर्मचारी विचारतात, की आम्ही काय करायचं? बूट सक्तीचा असतो, अरुंद बूट सहसा सक्तीचा नसतो. पुढून गोल, रुंद आणि नाडीचा काळा बूट शोधावा. जुना बूट असेल तर दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडून साच्यावर चढवून उंचवट्याच्या जागी ताणून घेता येतो.

आता उपचार. दुखण्याची तीव्रता आणि अंगठ्याचा कल यांचा मेळ बसेलच असं नाही. खूप वाकडा अंगठा असूनही काही लोक सुखानं पंढरीची वारी करतात. थोडासा कललेला असूनही काही जण हैराण असतात. म्हणून अंगठा किती वाकडा आहे यापेक्षा त्यानं तुमचं किती अडतं आहे, हे मी आधी विचारतो. दुखत नसेल तर योग्य पादत्राण आणि अधूनमधून तपासणी पुरते. दुखत असेल तर रुंद बूट, उंचवट्यावर मऊ गादी, अंगठा आणि दुसऱ्या बोटात सिलिकॉनचा छोटा तुकडा, सूज असताना कापडात गुंडाळलेला बर्फ, आणि चवड्याचा भार वाटून देणारा बुटातला आधार, एवढ्यावर पुष्कळ जणांचं निभतं. बोटं पसरण्याचे, जमिनीवरचा रुमाल बोटांनी उचलण्याचे, पोटरी ताणण्याचे व्यायाम चांगले. त्यांनी स्नायूंना बळ येतं.

मात्र यांपैकी कशानंही सरकलेलं हाड जागेवर येत नाही. रात्री बांधायच्या पट्ट्या आणि चापांच्या जाहिरातींत ‘पंधरा दिवसांत अंगठा सरळ’ असं म्हटलेलं असतं. पट्टी बांधलेली असेपर्यंत अंगठा सरळ दिसतो, काढली की पहिल्या जागी जातो. त्यानं बरं वाटत असेल तर जरूर वापरा, पण मोठ्या माणसाचा अंगठा त्यानं कायमचा सरळ होईल या आशेवर पैसे घालवू नका.

योग्य पादत्राण वापरूनही रोजचं चालणं दुखरं होत असेल, दुसरं बोट चढू लागलं असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करायचा. आधी उभं राहून, पायावर भार देऊन एक्स-रे काढावा लागतो, कारण झोपून काढलेल्या एक्स-रेत खरा कल दिसत नाही. शस्त्रक्रियेत नुसता उंचवटा तासून काढला तर दुखणं परत येण्याची शक्यता फार. म्हणून बहुतेक वेळा हाड कापून, सरळ रेषेत आणून छोट्या स्क्रूंनी बसवतात. कल जास्त असेल किंवा सांधा झिजला असेल तर सांधा जुळवून टाकतात. पद्धती शंभराहून अधिक आहेत. तुमच्या पायाला कोणती योग्य, हे एक्स-रे आणि तपासणीवरून ठरतं.

शस्त्रक्रियेबद्दल दोन गोष्टी आधीच स्पष्ट असाव्यात. हाड जुळायला साधारण सहा आठवडे लागतात. तोवर खास चप्पल घालून, बहुधा टाचेवर भार देत चालावं लागतं. सूज पूर्ण उतरायला कित्येक महिने जातात. घरात लग्नकार्य तोंडावर असताना हे काढू नये. काही जणांचा सांधा थोडा ताठर राहतो, काहींना अंगठ्याजवळ बधिरपणा येतो, काहींचा कल पुन्हा येतो. तंबाखूमुळे हाड आणि जखम भरायला अडथळा येतो, म्हणून मी विडी-सिगारेटच काय, मिश्रीसुद्धा बंद करायला सांगतो. आणि पाऊल सुंदर दिसावं एवढ्याचसाठी शस्त्रक्रिया करून घेऊ नका. न दुखणारा पाय दुखरा करून घेण्यात शहाणपण नाही. वाढत्या वयाच्या मुलांत तर हाडांची वाढ पुरी होईपर्यंत आम्ही शक्यतो थांबतो.

अंगठ्याची प्रत्येक सूज ही याच प्रकारातली असते असंही नाही. रात्रीतून अंगठ्याचा सांधा लालबुंद झाला, पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना, तर तो रक्तातल्या युरिक आम्लानं होणारा गाऊट असू शकतो. सोबत ताप किंवा पू असेल तर जंतुसंसर्ग. अशा वेळी लेप लावत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावं.

आता मुलांच्या पावलांविषयी थोडंसं. सपाट पाऊल ही आईवडिलांची मोठी चिंता. लहान मुलांची पावलं सपाटच दिसतात. कमान पुढे वयाबरोबर तयार होते. मुलाला चवड्यांवर उभं राहायला सांगा. तेव्हा कमान दिसत असेल आणि दुखत नसेल, तर बहुधा उपचाराची गरज नसते. राव आणि जोसेफ या दोन भारतीय अस्थितज्ज्ञांनी २,३०० मुलांची पाहणी करून १९९२ साली निष्कर्ष मांडले. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलं ८.६ टक्के, तर न वापरणाऱ्यांत २.८ टक्के निघाली. तेव्हा मुलांना घरात, अंगणात, मातीत अनवाणी खेळू द्यावं. जूनमध्ये शाळेचे बूट घेताना मात्र मागच्या वर्षीचे ‘अजून चांगले आहेत’ म्हणून चालवू नयेत. कागदाची चाचणी मुलांसाठीही करावी. पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या तरुणांना मी एवढंच सांगतो, की कमान आणून देणाऱ्या तेलांवर आणि पट्ट्यांवर पैसे घालवण्याआधी एकदा तज्ज्ञाला पाय दाखवा.

बाळ जन्मतः आत वळलेलं पाऊल घेऊन आलं, तर मात्र थांबायचं नाही. साधारण हजार बाळांमागे एकाला हा दोष असतो. ग्रहणात आईनं काही केलं म्हणून तो आला, असा ठपका अजूनही सुनेवर ठेवला जातो. त्याला कसलाही आधार नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले डॉ. इग्नासियो पोन्सेटी यांनी घडवलेली पद्धत आज जगभर वापरतात. दर आठवड्याला पाऊल हलक्या हातानं थोडं थोडं वळवून प्लास्टर घालायचं. पाच-सहा प्लास्टरांत बहुतेक पावलं सरळ होतात. अनेक बाळांत टाचेमागची दोरी छोट्याशा छेदानं सैल करावी लागते. त्यानंतर पट्टीला जोडलेले खास बूट, सुरुवातीला तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना. पाय सरळ झाला म्हणून हे बूट मध्येच बंद केले की पाऊल पुन्हा वळतं. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषाचा समावेश आहे, त्यामुळे सरकारी रुग्णालयात जरूर चौकशी करावी.

शेवटचा मुद्दा मधुमेहाचा. आजच्या बोलण्यातलं एवढं जरी लक्षात राहिलं तरी पुरे. इतका वेळ मी दुखण्याबद्दल बोललो. पण मधुमेहात कित्येकांच्या पावलांची संवेदना जाते आणि दुखणंच बंद होतं. दुखत नाही म्हणून ती माणसं निर्धास्त असतात. १९४६ साली वेल्लोरला आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांमध्ये काम करताना हेच दाखवून दिलं. रुग्णांची बोटं झडत होती ती मुख्यतः बधिर झालेल्या हातापायांना पुन्हा पुन्हा होणाऱ्या, लक्षात न येणाऱ्या जखमांमुळे. वेदना ही राखणदार असते. ती गेली की वाकडा अंगठा बुटावर घासत राहतो, घट्ट्याखाली जखम होते, ती चिघळते आणि कळेपर्यंत बोट किंवा पाय कापायची वेळ येते.

म्हणून मधुमेह असणाऱ्यांनी रोज रात्री पावलं उजेडात पाहावीत. तळवा दिसत नसेल तर आरसा खाली ठेवावा, नाहीतर नातवंडांना बघायला सांगावं. पादत्राण घालण्याआधी आत हात फिरवून खडा, खिळा नाही ना, ते पाहावं. घरातही मऊ चप्पल वापरावी. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून तळव्याला फोड आलेले, आणि ते घरी आल्यावर मोज्यावरचा डाग बघून समजलेले रुग्ण मी दर वर्षी पाहतो. प्रदक्षिणा सकाळी लवकर घाला, देव समजून घेईल. भोवरीला, घट्ट्याला बिब्बा लावणं, ब्लेडनं कापणं, औषधाच्या दुकानातली कॉर्नची पट्टी चिकटवणं हे तर मधुमेह्यांनी अजिबात करू नये. या गोष्टी चांगली कातडीही जाळतात. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पावलांची संवेदना तपासून घ्यावी. बारीक नायलॉनच्या तंतूनं दोन मिनिटांत ही तपासणी होते. आणि पावलावर जखम, काळा डाग किंवा एकाच पायाला आलेली गरम सूज दिसली, तर दुखत नसलं तरी लगेच दाखवावं.

घरातली वडीलधारी मंडळी पाय पुढे करून दाखवत नाहीत. पायाला हात लावून नमस्कार आपण करतो, पण पावलं बघत नाही. पुढच्या वेळी वाकाल तेव्हा क्षणभर नीट बघा. अंगठा कलला आहे का, घट्टा आहे का, चप्पल रुतते का, एवढं विचारा. त्यांच्यासाठी पुढची चप्पल घ्यायला जाल तेव्हा त्यांना सोबत न्या, किंवा निदान कागदावर काढलेला त्यांच्या पावलाचा आकार खिशात घेऊन जा.